घरचं म्हणून न पाहिलेलं

अळंबीची मला भीती वाटायची, हे सांगताना संकोच वाटत नाही. आपल्याकडे निम्म्या घरांत ती भीती आहे. संकोच वाटतो तो भीती गेल्यानंतरच्या माझ्या निर्धास्तपणाचा, आणि मुख्यतः एका रात्रीचा. त्या रात्रीबद्दल मी घरातही अर्धवटच बोलले आहे.

माहेर सातारा जिल्ह्यातलं. पावसाळ्यात उकिरड्यावर, गोठ्याच्या कडेला छत्र्या उगवायच्या आणि मोठी माणसं त्या काठीने मोडून टाकायची. हात लावला तर आंघोळ. पुढे कधीतरी वाचनात आलं की मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य सांगितलेल्या पदार्थांमध्ये लसूण, कांदा आणि भूछत्रं एकाच ओळीत बसलेली आहेत. मला हसू आलं. आमच्या घरात लसणाच्या चटणीशिवाय भाकरी घशाखाली उतरत नसे आणि कांद्याची पोती माळ्यावर असत. यादीतलं सोयीचं आम्ही केव्हाच पोटात घातलं होतं, अळंबी तेवढी बाहेर ठेवली होती. मी मात्र स्वतःला सांगत असे की आपली भीती धर्माची नाही, विषाची आहे. ते पूर्ण खरं नव्हतं. मुळात ती किळस होती. विषाचं कारण तिला नंतर सापडलं.

लग्नानंतर पावसाळ्यात कोकणात जाणं होई. रस्त्याच्या कडेला बायका हिरव्या पानांवर अळंबीचे वाटे मांडून बसलेल्या असत. यजमानांना गाडी थांबवायची असे, मी थांबवू देत नसे. ‘यांना काय कळतं? कुणी मेलं तर?’ हे मी बंद काचेच्या आतून म्हटलेलं आहे, एकदा नव्हे. त्या बायकांपैकी एकीशीही मी कधी बोलले नव्हते.

सून आली ती बटण मशरूमचं पाकीट घेऊन. तिच्या हातचं खाल्लं, आवडलं, पण मनातली कुरकुर गेली नाही. कुठून आलं, कुणी ओळखलं, कोण जाणे. सेवानिवृत्त झाल्यावर मनात आलं की घरीच लावली तर? पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवरच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं केंद्र आहे. तिथे प्रशिक्षण मिळतं, बीही मिळतं. गेले. शिकवणारे साधं बोलणारे होते. बटण अळंबीला कंपोस्ट लागतं, थंडावा लागतो. धिंगरीचं, म्हणजे ऑयस्टर मशरूमचं, तसं नाही. गव्हाचं काड, भाताचा पेंढा, सोयाबीनचं काड, काहीही चालतं. काड बारीक करायचं, रात्रभर भिजवायचं, मग 80 अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवायचं आणि निथळायचं. मुठीत दाबलं तर हाताला ओल लागावी पण पाण्याचा थेंब गळू नये. मग प्लास्टिकच्या पिशवीत काडाचा थर, त्यावर बी, पुन्हा थर. बी म्हणजे ज्वारी किंवा गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी; ओल्या काडाच्या वजनाच्या साधारण दोन टक्के. पिशवीला भोकं पाडायची, अंधाऱ्या खोलीत टांगायची. दोन-तीन आठवड्यांत काड पांढरं होतं, पिशवी कापायची, पाणी फवारत राहायचं, आणि चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसू लागतात.

या सगळ्यात एका गोष्टीने माझी भीती गेली: बी विकत आणलेलं होतं. पाकिटावर नाव होतं, तारीख होती. जंगलात ओळखावं लागतं, कारण तिथे काय उगवेल त्याचा भरवसा नाही. घरात जे पेरलं तेच येणार, मग ओळखायचं काय? हे मी कुणाकडून शिकले नाही. हा माझाच शोध, आणि मला तो फार पटला होता.

नोकरी बँकेत झाली. ऐन उमेदीची वर्षं चेकवरची सही नमुन्याच्या कार्डाशी ताडून बघण्यात गेली. ओळखीच्या खातेदाराचा चेक असला तरी कार्ड काढायचं, हा नियम मी नव्या मुलांना दरडावून शिकवला. आणि तीच मी पहिल्या पिकापासून एकही अळंबी उलटी करून न बघता कढईत टाकत होते.

पहिल्या पिकाने मला खरं तर इशारा दिला होता. पिशव्या मी मागच्या बाजूच्या जुन्या न्हाणीघरात टांगल्या होत्या आणि ओल टिकावी म्हणून खिडकी घट्ट लावली होती. उगवलं ते भलतंच. लांबलचक देठ आणि टोकाला बटणाएवढी टोपी. प्रशिक्षणात दाखवलेल्या शिंपल्यासारख्या रुंद छत्रीशी त्याचं काहीच जुळत नव्हतं. फोन केला तेव्हा कळलं की हवा खेळत नाही, कार्बन डायऑक्साइड साचला आणि उजेड कमी पडला की धिंगरी अशीच देठावर जाते. खिडकी उघडी ठेवली, पुढचं पीक नीट आलं. यातून मी धडा काय घेतला? तर, रूप काहीही असो, पिशवी आपली आहे ना, मग खायला हरकत नाही. नेमका उलटा धडा. एकच जात हवेप्रमाणे इतकी रूपं बदलते, तर रूपापलीकडचं काहीतरी बघायला हवं, हे मनात यायला हवं होतं. आलं नाही.

दुसरा इशारा तर मी फडक्याने पुसत होते. काढणीला उशीर झाला की पिशवीवर, खालच्या छत्र्यांवर आणि फरशीवर पांढरी पिठासारखी भुकटी पडे. धूळ समजून रोज पुसायची. ते धिंगरीचे बीजाणू होते. अळंबी ओळखताना बीजाणूंचा रंग हा फार महत्त्वाचा पुरावा, त्यासाठी लोक मुद्दाम कागदावर ठसे घेतात. माझ्या न्हाणीघरात तो ठसा आपोआप उमटत होता आणि मी ओल्या फडक्याने तो नाहीसा करत होते. (त्या भुकटीने खोकला येतो, काहींना दमही लागतो. छत्रीच्या कडा वर वळायच्या आत काढणी करतात त्याचं एक कारण हे.)

मग मी वाटायला लागले. सोसायटीत ‘अळंबीवाल्या काकू’ झाले. आवडत होतं मला ते, खोटं कशाला बोलू.

ती रात्र पावसाळ्यातली. त्या खेपेला काड जरा जुनं, पावसात भिजलेलं मिळालं होतं. गॅस संपत आला होता म्हणून गरम पाण्यातला तास मी अर्ध्यावर आणला. निथळायलाही घाई केली. पिशव्या पांढऱ्या झाल्या पण ठिगळ पडल्यासारख्या. तरी अंकुर आले, झुबके आले. एका पिशवीच्या खालच्या अंगाला धिंगरीशेजारीच काही बारीक, राखाडी, घंटेच्या आकाराच्या टोप्या उभ्या होत्या, नाजूक देठावर. मला त्या दिसल्या. हे महत्त्वाचं आहे: दिसल्या नाहीत असं नाही. ‘हवा कमी पडलेली दिसतेय’ असं मनात म्हणत मी सगळंच एका पातेल्यात काढलं. त्यातलं निम्मं कागदी पिशवीत भरून खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सुनेला नेऊन दिलं. तिचा मुलगा पाच वर्षांचा. ‘आजच करते काकू, त्याला आवडतात,’ ती म्हणाली.

रात्री जेवणं झाल्यावर उरलेल्या अळंबी फ्रिजमध्ये ठेवायला पातेलं उचललं, तर तळाशी काळं पाणी. शाई सांडावी तसं. धिंगरी जशीच्या तशी होती, आणि त्या घंटेच्या टोप्यांच्या कडा विरघळून थेंब थेंब गळत होत्या. एक उचलली तर बोटं काळी झाली. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा धिंगरी उलटी केली आणि दोन्ही शेजारी धरल्या. धिंगरीचा देठ बाजूला असतो, छत्रीखालच्या पट्ट्या देठापाशी थांबत नाहीत, देठावरून खाली उतरत जातात. त्या दुसरीचा देठ बरोबर मधोमध, पट्ट्या दाट, देठापासून सुट्या आणि काळ्या होत चाललेल्या. या दोघी एक नाहीत हे सांगायला कुठलं शिक्षण लागत नव्हतं. शाळकरी पोराने सांगितलं असतं. फक्त उलटी करून बघायचं होतं.

खाली त्यांची जेवणं आठलाच आटोपतात. दहा वाजून गेले होते.

मी फोनवर शोधायला लागले, आणि भीतीच्या भरात शोधणाऱ्याला जे सापडतं तेच सापडलं. सर्वांत घातक अळंब्यांचं विष यकृतावर जातं. शिजवून ते नाहीसं होत नाही. लक्षणं लगेच दिसत नाहीत. सहा तासांनी, बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू होतात, मग माणसाला बरं वाटायला लागतं, आणि त्या बरं वाटण्याच्या काळात यकृत निकामी होत असतं. म्हणजे जी गोष्ट करायची ती लगेच करायची. वाट बघणं सर्वांत वाईट. हे मी वाचलं, मला समजलं, आणि मी फोन केला नाही.

कारणं भरपूर होती. उशीर झालाय, झोपले असतील. उगाच पोराला दवाखान्यात पळवतील. काड आपलं, पिशवी आपली, तिच्यात असं विषारी येईलच कसं? तिच्या वाट्याला ती काळी गेलीच असेल कशावरून? यातलं एकही कारण खोटं नव्हतं आणि एकही खरं नव्हतं. खरं कारण हे की मला ‘अळंबीवाल्या काकूं’नी पाच वर्षांच्या पोराला न बघता काहीतरी खायला दिलं, हे तोंडाने म्हणायचं नव्हतं. मी एका मुलाच्या यकृतापेक्षा सोसायटीतली आपली पत मोठी धरली. ते काही तास मी गॅलरीत बसून खालच्या घरातला दिवा लागतो का ते बघत होते. दिवा लागला असता तर मी काय केलं असतं, ते आजही मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

सकाळी तो दप्तर घेऊन रिक्षात बसताना दिसला. तरीही मी खाली गेले नाही. दुपारी गेले. काय बोलायचं ते घोकून गेले होते, पण सुरुवात करायच्या आधी तीच म्हणाली, ‘काकू, एक सांगू? राग मानू नका. त्यात दोन-तीन काळ्या पडलेल्या होत्या, वेगळ्याच दिसत होत्या. मला वाटलं सडल्यात. मी टाकून दिल्या.’

तिने आयुष्यात अळंबी लावलेली नाही. तिने फक्त चिरण्याआधी बघितलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं, फोन न केल्याचंही. ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘करायचा होतात.’ एवढंच. मला ते पुरलं आणि अजून पुरतंय.

घरी येऊन प्रशिक्षणाची वही काढली. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: काड नीट तापलं नाही, ओल जास्त राहिली की पिशवीत कोप्रिनस उगवते, काळी शाई होते, उपटून टाकणे. मी ते उतरवून घेतलं होतं, पण पिकाचं उत्पादन घटवणारं तण म्हणून. खाण्याशी त्याचा संबंध लावला नव्हता. काडावरच्या या शाई-छत्र्या यकृत खाणाऱ्यांपैकी नाहीत, हे पुढे कळलं. त्यांच्या एका भावंडाला दारूबरोबर खाल्लं तर माणूस लालबुंद होऊन ओकतो, एवढंच. म्हणजे त्या रात्री धोका बहुधा मोठा नव्हता. पण मला ते तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे त्याने माझी सुटका होत नाही.

त्यानंतर मी पाकिटावरचं नाव वाचायची पद्धत बदलली. आणि गंमत अशी की नावंही जरा गोंधळाचीच निघाली. आपल्याकडे भरपूर लावली जाणारी करडी धिंगरी ‘साजोर काजू’ नावाने मिळते. 1974 साली जंदाइक आणि कपूर या भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्या लागवडीचं काम प्रसिद्ध केलं. हिमालयाच्या पायथ्याशी निवडुंगासारख्या थोराच्या झाडावर ती सापडली होती. नंतर अभ्यासकांनी दाखवून दिलं की ही प्लुरोटस पल्मोनॅरियस. खरी साजोर काजू वेगळीच, लेंटिनस कुळातली. पण पाकिटांवर जुनं नाव चालूच आहे. ‘निळी ऑयस्टर’ म्हणून आणलेल्या बियाने तर माझी परीक्षाच घेतली. तोपर्यंत मी पट्ट्या देठावर उतरल्याच पाहिजेत हा नियम पाठ केला होता. हिच्या पट्ट्या देठाला टेकत होत्या, उतरत नव्हत्या. सगळी पिशवी फेकायला निघाले होते. विचारलं तेव्हा कळलं की ही हिप्सिझिगस अल्मेरियस, बाजारात ऑयस्टर म्हणवून घेते पण प्लुरोटस नाहीच. खाण्याजोगी, चवीला उत्तम. आधी न बघता खाल्लं, आता एकच खूण बघून फेकणार होते. दुसरा मूर्खपणा पहिल्याचाच धाकटा भाऊ.

म्हणून आता एका खुणेवर जात नाही. देठ कुठून निघतो, पट्ट्या कुठे थांबतात, देठाला कडं आहे का, बुडाशी पिशवीसारखं काही आहे का (धिंगरीला या दोन्ही गोष्टी नसतात), झुबका एकाच बुडातून आलाय का, वास कसा आहे. नवं बी आणलं की पहिल्या काढणीतली एक छत्री अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी घालून वाटीखाली रात्रभर ठेवते. पांढरा किंवा किंचित जांभळट ठसा आला तर ठीक. गुलाबी धिंगरी उन्हाळ्यात लावते, तिला उकाडा सोसतो, फ्लोरिडा ही जात थंडीत. हिरवी बुरशी धरलेली पिशवी घराबाहेर जाते, तिच्यातलं चांगलं दिसणारंही खात नाही.

कोकणातल्या त्या बायकांबद्दल. यंदा गाडी थांबवली. एकीला विचारलं, कसं ओळखता? तिने एक उचलून उलटी केली, बुडाची माती दाखवली आणि वारुळाची जागा सांगितली. तिथलीच घेतो, दुसरीकडची नाही. मी बंद काचेतून जिला अडाणी म्हणत होते तिचा नियम माझ्या बँकेतल्या नियमापेक्षा कडक होता. पण म्हणून मी रानातली अळंबी ओळखायला निघालेले नाही. 2022 च्या एप्रिलमध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन डझनाहून अधिक माणसं गेली, त्यांत चहामळ्यांवरची कुटुंबं होती. माझी आई सांगायची तशा चांदीच्या नाण्याच्या, लसूण काळा पडण्याच्या, किड्याने खाल्लेली चालते अशा परीक्षा सपशेल खोट्या आहेत. लोक आता मला बागेतल्या छत्र्यांचे फोटो पाठवतात आणि खाऊ का विचारतात. मी एकच उत्तर देते: मला कळत नाही, खाऊ नका.

घरी लावणाऱ्यांना मात्र दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. काड तापवायच्या वेळेत काटकसर करू नका आणि चिरण्याआधी प्रत्येक झुबका उलटा करा; जी जुळत नाही ती टाका, बी काही सोन्याचं नसतं. आणि कुणाला दिल्यावर शंका आली, तर किती का वाजलेले असेनात, फोन करा.